गोदूबाईचे चार दिवस

आमच्या घरात बाईमाणसाला बसायच्या जागा दोनच. एक चुलीपुढं, आणि महिन्याचे चार दिवस मागल्या पडवीत. बाहेरची झाली की बाईनं पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं, कुणाला शिवायचं नाही, वरून टाकलेली भाकरी खायची. आता पोरी म्हणतात, काय हा छळ! छळच होता, मी कुठं नाही म्हणते? पण माझ्या थोरल्या जावेला, गोदूबाईला, त्या छळातच काय तो वारा मिळायचा.

आमचं घर रेवदंड्याच्या अलीकडं, खाडीच्या अंगाला. पुढं भाताची खाचरं, मागं थोडे माड. स्वराज्य आलं त्या साली मी लग्न होऊन इथं आले. घरात सासूबाई, थोरले दीर येसाजी, त्यांची बायको गोदूबाई, आमचे हे, आणि पुढं पोराबाळांसकट खाणारी तोंडं अकरा झाली. गोदूबाई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "राही, चुलीला भिऊ नको गो, मी हाय ना." आणि होतीच ती. माझ्या तिन्ही बाळंतपणांत शेक-शेगडी तिनंच केली.

मला येऊन नऊ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा तिला ते सुरू झालं. भाकरी थापता थापता छातीतून वाफ उठायची, कानशिलं लालबुंद व्हायची आणि घाम असा फुटायचा की हनुवटीवरून परातीत टपटप. तेही पौषातल्या थंडीत! रात्री तर विचारूच नका. सकाळी तिची गोधडी कुंपणावर टाकायला मी उचलली तर हाताला ओलीचिंब लागायची. आमसुलाचं पाणी पिऊन झालं, ओला पंचा मानेवर टाकून झाला. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा चुलीपुढं बसली की अंगाची नुसती लाही लाही. सासूबाईंना सांगितलं तर त्या फणकारल्या, "आमाला न्हाय का आली ती वर्सं? आमी काय चूल सोडून पळालो?"

पण महिन्याचे चार दिवस ती पडवीत बसायची. तिथं खाडीवरून थेट वारा. तिचा उतरलेला चेहरा चार दिवसांत पुन्हा टवटवीत व्हायचा. आणि ते चार दिवस अकरा जणांच्या भाकऱ्या माझ्या एकटीच्या गळ्यात.

एका महिन्यात माझ्या ध्यानात आलं, न्हाणीमागच्या कुंपणावर तिचं एकही फडकं वाळत नाही. मागच्याही महिन्यात नव्हतं. माझं डोकंच फिरलं. तशीच पिठाच्या हातानं पडवीत गेले. "जाऊबाय, खरं सांगा, तुमी बाहेरच्या झालाव का?"

तिनं आत बघितलं, मग माझ्याकडं. "शिमग्यापासून न्हाय गो. सगळं बंद झालंय माझं. पन इथं बसले की जीव जरा थंड होतो. सांगू नको कुणाला. सांगितलंस तर एवढं पन जाईल."

मी काय करणार? दोन शब्द बोलले, तेही हळूच, आणि आत येऊन भाकऱ्या थापल्या. त्या दिवसापासून दर महिन्याला चार दिवस मी चुलीला शिव्या घातल्या, तिला नाही. थोरले दीर एकदा पडवीच्या उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट बांधताना दिसले. सासूबाईंनी विचारलं, "ते कशाला रे?" तर म्हणाले, "वासराला ऊन लागतंय." वासरू कुठं होतं? ते तर चरायला गेलेलं. माणूस मायाळू, एवढंच मला वाटलं.

कार्तिक सरता सरता, एका सकाळी थोरले दीर नारळ उतरवायला माडावर चढले आणि वरून निसटले. धप्प आवाज मी चुलीपाशी ऐकला. चार माणसांनी त्यांना उचलून अंगणात बाजल्यावर ठेवलं. आमचे हे बैलगाडी जुंपायला धावले. भावोजी शुद्धीवर होते, तोंडातून थोडं रक्त, पाणी मागत होते.

गोदूबाईचा तो दुसरा दिवस. पडवीतून ती धावत आली आणि सासूबाई किंचाळल्या, "शिवू नको! इटाळ हाय तुला! त्याचं वाईट करशील!" बाजलं तिच्यापासून दोन हातांवर होतं. भावोजींनी मान वळवली, तिच्याकडं बघितलं आणि हात पुढं केला. ती थांबली. पायच थांबले तिचे, बायांचे थांबतात तसे. हात तसाच राहिला. पाणी मी पाजलं. गाडी अंगणाबाहेर पडायच्या आत ते गेले.

गेल्यावर मग सगळं चाललं हो! बांगड्या फोडायला तिला दंडाला धरून पुढं आणलं, तेव्हा विटाळ एकालाही आठवला नाही.

त्यानंतर गोदूबाई पडवीत कधी बसली नाही. चुलीपुढून हलेना. घाम फुटायचा, डोळे पांढरे व्हायचे, तरी लाकूड आत सारायची. आमसुलाचं पाणी दिलं तर बाजूला ठेवायची. एकदा माझा संयम सुटला. "मरायचंय का तुमाला? उठा, जरा वाऱ्याला बसा!"

"मी लबाडी केली ना गो," ती म्हणाली.

"केलीत तर केलीत. भावोजींना काय ठावं होतं?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. "ठावं होतं. ते गेले त्याच्या आदल्या महिन्यात पाचव्या दिवशी मी न्हाऊन आत आले, तर हळूच म्हनाले, 'पुढल्या महिन्याला सा दिस बस की, कोन मोजतंय?' आनि हसले." मग तिनं एक लाकूड आत सारलं. "ठावं होतं म्हनून तर हात पुढं केला ना, राही? ही शिवंल, हिला शिवायला काय हरकत न्हाय, असं वाटलं असेल ना त्यांना?"

मला रडू आवरेना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाठ भिजलेली होती. तुमची काही चूक नाही, असं मी तिला दहादा सांगितलं. पण एक गोष्ट ती जाईपर्यंत मी तिच्यापाशी बोलले नाही, आणि तिनंही कधी विचारली नाही. त्या दिवशी बाजल्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन मी उभी होते. ठाऊक तर मलाही होतं.