आजारी मुराळी

ठाण्याहून कल्याणला आगगाडीनं जायला तेव्हाही तासभर लागत नसे. पण मी कल्याणला दिलेली, आणि दिलेल्या मुलीला नुसती गाडी असून भागत नाही. माहेरी जायचं तर न्यायला माणूस यावं लागे. त्या माणसाला मुराळी म्हणत. मुराळ्याशिवाय गेलं तर लोक म्हणणार, सासरच्यांनी हाकलली वाटतं. आणि सणावाराला मुराळी आलाच नाही तर म्हणणार, माहेरी कुणी विचारत नाही. मला भाऊ नव्हता. आई मी अकरा वर्षांची असताना गेली. त्यामुळे माझे मुराळी म्हणजे माझे वडीलच.

वडील ठाण्याच्या शाळेतून पेन्शन घेतलेले मास्तर. एकटेच राहायचे, हातानं करून खायचे. मला न्यायला यायचे ते पागोटं, उपरणं, काखेत छत्री असा सगळा सरंजाम करून. आमच्या ओसरीवर बसत, व्याह्यांच्या घराला साजेसं बोलत, आणि कशालाही तोंड लावत नसत. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हा कन्यादान केलेल्या बापाचा नियम. पुष्कळ जण जेवण तेवढं टाळतात. माझे वडील पाणीही घेत नसत. मास्तरच ते, नियम म्हटला की काना-मात्रेसकट पाळायचे. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती, म्हणून त्यांचा नियमही सात वर्षं चालला होता.

त्या वर्षी नागपंचमीला न्यायला आले तेव्हा बोलताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती. दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मास्तरांना गूळपाणी दे." त्यांना नियम ठाऊक होता, पण विचारण्याचाही एक नियम असतो. मी तांब्या पुढं केला. वडिलांनी हात जोडले. मला राग लवकर येतो, आता म्हातारपणीही येतो. "आमच्या विहिरीत काय विष कालवलंय?" मी म्हटलं. ते नुसते हसले. पुढं स्टेशनावर पोचलो आणि तिथं पाणी देणाऱ्या ब्राह्मणासमोर त्यांनी ओंजळ धरली, ती बराच वेळ खाली केलीच नाही. तो माणूस घागर तिरकी धरून त्यांच्याकडे बघत राहिला.

ठाण्याच्या घरी परसातल्या मोरीत मुंग्यांची रांग लागलेली. दोन दिवस मी त्यांच्यावर हळद टाकत होते आणि वडिलांना बोलत होते, की गूळ सांडता आणि पुसत नाही. तिसऱ्या दिवशी ओळखीचे वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी धरली, आणि मग मलाच विचारलं, "मोरीत मुंग्या येतात का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. लघवीतून साखर जात होती. मधुमेह. भात बंद, गोड बंद, जवाची भाकरी आणि मुगाचं वरण. "आणि मास्तर, पायांना जपा," ते निघताना म्हणाले, "तुमच्यासारख्यांची जखम भरत नाही."

भाताशिवाय जेवण हे आमच्या वडिलांना जेवणच वाटत नसे. मी समोर बसले की जवाची भाकरी निमूट खात. मी कल्याणला परतले की भाताचं भांडं चुलीवर चढे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, कल्याणला चला. म्हणाले, "आणि जेवू कुठं?" मी म्हटलं, मग मीच इथं राहते. म्हणाले, "नांदती मुलगी आहेस." झालं. मला त्यांच्याजवळ राहता येत नव्हतं आणि त्यांना माझ्याकडे जेवता येत नव्हतं. असेच दिवस गेले तर ते फार टिकणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

म्हणून मी सण शोधू लागले. नागपंचमीनंतर गौरी झाल्या, दिवाळी झाली, चंपाषष्ठीसुद्धा मी सोडली नाही. सासूबाईंची जीभ तिखट. म्हणाल्या, "पंचांगात नाहीत ते सण तुझ्या माहेरी निघायला लागले." पण मला जाऊ देत. आणि दर खेपेला मला न्यायला कोण येणार? तेच. म्हणजे आजाऱ्यानं आधी पागोटं बांधून गाडीत बसायचं, कल्याणच्या स्टेशनापासून आमच्या घरापर्यंत चालत यायचं, कोरड्या तोंडानं ओसरीवर बसायचं, आणि आपली शुश्रूषा करायला येणारीला आपणच घेऊन जायचं. चार दिवसांत मी त्यांच्या अंगात जो जीव आणायची तो ते पुढच्या खेपेला मला न्यायला येण्यात घालवायचे. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. मलाही नाही.

चंपाषष्ठीला आले ते लंगडत. व्याह्यांच्या दारात जुन्या वहाणा बऱ्या दिसत नाहीत म्हणून नव्या घेतल्या होत्या, त्या चावल्या. अंगठ्याजवळ फोड आला होता, त्यावर चिंधी बांधलेली. "नवी वहाण आहे, चावणारच," म्हणाले. वैद्यबुवांचं बोलणं मला आठवलं. आठवलं आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले तेही सांगते. नाताळच्या रजेत आम्ही नाशकाला जाणार होतो. आमची स्वारी मामलेदार कचेरीत कारकून, रजा अशी एकदाच मिळायची. नाशकाला चुलत दीर होते. सासूबाईंना गंगेवर स्नान करून त्र्यंबकेश्वराला जायचं होतं, सासरे असल्यापासूनची त्यांची इच्छा. आणि मला घाट बघायचा होता. बोगदे, दऱ्या, इंजिन, सगळं. सासर ते माहेर यापलीकडे मी कुठं गेलेच नव्हते. चिंधीचं बोलले असते तर माझं जाणं रहित झालं असतं. ठाण्याहून निघताना मी वडिलांना विचारलं, "जाऊ ना नाशकाला?" ते म्हणाले, "जा की. घाट कसा आहे ते येऊन मला सांग." मला हवं ते उत्तर मिळालं, मी पुन्हा विचारलं नाही.

घाट मी अजून विसरलेले नाही. बोगदा आला की सासूबाई डोळे मिटून रामनाम घेत आणि उजेड आला की मोजत, "हा झाला चौथा." मधल्या एका स्टेशनात गाडी थांबली आणि या टोकाचं इंजिन काढून त्या टोकाला लावलं. गाडी उलटी चालू लागली तशा त्या घाबऱ्या झाल्या. "अरे, परत कल्याणला नेतोय की काय हा!" सगळा डबा हसला, त्याही हसल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. नाशकाला थंडी, पेरू, गंगेचा घाट, देवळं, जावेशी गप्पा. तिथं एक अख्खा दिवस असा गेला की वडिलांची मला आठवणही झाली नाही. लिहायला लाज वाटते, पण तो दिवस फार सुखाचा गेला.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्नानाला गेलो होतो. आमच्या पायरीवर एक म्हातारा पायाची पट्टी सोडून पाण्यात पाय धूत होता. मी तिथंच रडायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं तुला?" मग मी फोडाचं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "किती दिवस झाले?" मी म्हटलं, चंपाषष्ठीपासून. "आणि आत्ता सांगतेस? तुझे सासरे कशानं गेले ठाऊक आहे ना तुला? बाभळीचा काटा लागला होता, एवढासा."

त्या दिवशी त्र्यंबकेश्वराला जायची बैलगाडी ठरलेली होती. सासूबाईंनी ओली वस्त्रं पिळली, घरी आल्या आणि वळकटी बांधायला लागल्या. दिरांनी, जावेनं, आमच्या स्वारीनं परोपरीनं सांगितलं, एका दिवसानं काय बिघडतं. त्या म्हणाल्या, "त्र्यंबकेश्वर कुठं जात नाही." पुढं त्यांचं तिथं जाणं कधीच झालं नाही.

गाडी कल्याणला थांबली. आमची स्वारी बायकांच्या डब्याशी आली आणि म्हणाली, "उतरा." मी जागची हलले नाही. म्हटलं, मी ठाण्याला जाते. मी जाऊ नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं, पण माणूस गोंधळला. "अगं, अशी? न्यायला कोण आलंय तुला?" फलाटावरची माणसं बघायला लागली. सासूबाई वळकटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी आहे ना तिची मुराळी. तू सामान उतरव आणि घर उघड." लाल आलवणातली विधवा सासू सुनेची मुराळी होऊन निघालेली तोवर कुणी पाहिली नसेल.

घराच्या अंगणात कळव्याची भाजीवाली उभी होती. बरीच वर्षं ती आमच्या दाराशी भाजी घालायची. मला बघताच म्हणाली, "आलीस गं बाय! बापूस तुझा तीन दिस उठला नाय. कन्हतंय नुसतं." दारातच वास आला. वडील खाटेवर होते. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडलेली. अशाही स्थितीत विहीणबाई आलेल्या बघून ते पागोटं शोधू लागले. मी त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, "मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं तरी मी गेले." ते म्हणाले, "मलाही ठाऊक होतं, बाळ. मीही सांगितलं नाही."

सरकारी डॉक्टर आले, भूल देऊन तीन बोटं काढली. त्यांचा हात चांगला होता. म्हणाले, मास्तर वाचतील, पण रोज जखम धुवायला आणि पथ्याचं करून घालायला माणूस हवं. एकटे राहिले तर उन्हाळा बघणार नाहीत.

डॉक्टर गेल्यावर सासूबाई खाटेसमोर येऊन उभ्या राहिल्या. आजवर त्या वडिलांशी दाराआडून बोलायच्या. "मास्तर, कल्याणला चला."

"विहीणबाई, लेकीच्या घरचं अन्न मी..."

"लेकीचं घर?" सासूबाई म्हणाल्या. "ते घर तिचं कधीपासून झालं? माझ्या नवऱ्यानं बांधलं, माझ्या मुलाचं आहे. ती सून म्हणून आली आहे, तिचं तिथं काही नाही. चूलसुद्धा माझी आहे. मी तुम्हाला जेवायला बोलावते आहे. माझ्या घरी जेवायला तुमचं शास्त्र आड येतं का?"

वडिलांनी ओठांतल्या ओठांत ते शब्द पुन्हा म्हणून पाहिले. मुलांनी गणित वेगळ्या रीतीनं सोडवलं आणि उत्तर बरोबर आलं, की शाळेत ते अशीच एकेक पायरी तपासायचे. मग म्हणाले, "येत नाही." त्या घरात माझं काही नाही, असं माझ्या तोंडावर कुणी म्हणावं आणि मला आनंद व्हावा, असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

वडील आमच्याकडे पावणेदोन वर्षं होते. पण सासूबाईंनी शब्दाला शब्द लावून तोड काढली होती, ती त्यांनी आणि वडिलांनी तशीच पाळली. वडिलांची भाकरी त्या भाजत, वरण त्या करत, पान त्या वाढत. मला हात लावू देत नसत, कारण मी वाढलं तर ते लेकीचं अन्न होणार. जखम मी धुवायची, धोतरं मी धुवायची, अंथरूण मी घालायची. जेवायच्या वेळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहायची आणि दुसरीच्या हातचं जेवणाऱ्या बापाकडे बघायची. सुरुवातीला उपकार वाटले. मग कधीकधी फार राग यायचा, दोघांचाही. वडिलांनाही तो कळत असणार, कारण माझ्याकडे न बघता जेवायचे.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात त्यांना ताप येऊ लागला तो उतरेना. दोघातिघांनी उठवून पानावर बसवावं लागे. एके दिवशी दुपारी सासूबाई वरणाचं भांडं घेऊन आल्या तसा वडिलांनी पानावर आडवा हात धरला.

"विहीणबाई, आज हिला वाढू द्या."

सासूबाई थबकल्या. "मास्तर, अजून हिला..."

"मूल होईल तिला. मी थांबू शकत नाही."

सासूबाईंनी पळी माझ्या हातात दिली आणि परसात निघून गेल्या. माझ्या हातून वरण नको तेवढं पडलं, पानाबाहेर ओघळलं. भाकरी कुस्करून सगळं वरण त्यांनी सावकाश संपवलं, ओघळलेलंसुद्धा बोटानं पुसून घेतलं. मग हात न धुता तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "तुझ्या घरी पोट भरलं हो माझं."