आमिश गावातला खून आणि तुआसची बस

प्रबोध खानविलकर तसा अबोल माणूस. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या एका शिपयार्डात तो वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. जहाजाच्या पत्र्यांचे सांधे तपासायचे, खोट दिसली की खडूनं गोल करायचा आणि पुढं सरकायचं. राहायला मात्र पासिर रिसला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळचा सव्वा तास कंपनीच्या बसमध्ये जायचा. बाकीचे डुलक्या काढायचे, हा खिडकीबाहेर बघत बसायचा.

२००४ सालच्या मार्चमध्ये त्याची बायको नंदा हिचं लायब्ररीचं पुस्तक चुकून त्याच्या पिशवीत आलं. आमिश लोकांच्या गावातली रहस्यकथा. आमिश म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. घरात वीज घ्यायची नाही, मोटार ठेवायची नाही, घोडागाडीतून फिरायचं. करायला काही नाही म्हणून प्रबोधनं पहिलं पान उघडलं, आणि तुआस कधी आलं ते त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवरच्या सेल्वमनं विचारलं, "रोज गप्प असता, आज एकटेच हसताय?" हा सेल्वम त्याच यार्डातला फिटर.

प्रबोधनं सांगायला सुरुवात केली. म्हातारा एलाय रविवारी प्रार्थनेला निघाला, उतारावर त्याची घोडागाडी उलटली आणि तो जागीच गेला. सगळे म्हणतात अपघात. पण ॲपल पाय भाजून विकणारी मिरियम नावाची विधवा म्हणते, नाही, यात काहीतरी काळंबेरं आहे.

"मग?" मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं.

मग काय, रोज एक प्रकरण! सोप्या इंग्रजीत, मध्येच हिंदीत. आठवड्याभरात बसमधलं घोरणं बंद झालं. ड्रायव्हर उस्मान आरसा वाकडा करून ऐकायचा. प्रबोधला स्वतःचंच नवल वाटायचं. हा एवढा मोठा आवाज आपला?

अकराव्या प्रकरणात गाडीच्या तुटलेल्या आसाचं, म्हणजे चाकांमधल्या दांड्याचं, वर्णन आलं. अर्धी बाजू सपाट, तिच्यावर एकसारखे बारीक ओरखडे, उरलेली खडबडीत. प्रबोध ताडकन उठून उभा राहिला.

"अरे, हा तुटलेला नाही, कापलाय! करवतीनं अर्धा कापून ठेवला, उरलेला उतारावर तुटला. वीस वर्षं हेच बघतोय मी!"

बसमध्ये एकच गिल्ला झाला. कापला कुणी? प्रबोध म्हणाला, गावातला लोहार. करवत त्याच्याकडे, आस बसवणारा तोच. सेल्वम आणि निम्मी बस लोहाराच्या मागं. उस्मान मात्र मान हलवत राहिला.

"लोहार नाही हो. तो शेजारी जेकब दर रविवारी एलायच्या गाडीतून जायचा ना? त्या दिवशीच पायी का गेला? तीस वर्षं गाडी चालवतोय मी. रोजचा पॅसेंजर एक दिवस चढला नाही की मला लगेच कळतं."

शुक्रवारी शेवटचं प्रकरण. प्रबोधनं घरी एक ओळही पुढं वाचली नव्हती. सगळ्यांबरोबर कळलं पाहिजे. यार्डाचं गेट आलं तरी तीन पानं उरली होती. उस्माननं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दार काही उघडलं नाही.

"वाचा!"

प्रबोध वाचू लागला. आस करवतीनं कापलेला होता. बसमध्ये टाळ्या पडल्या. करवत लोहाराची होती. सेल्वमनं शिट्टी मारली. पण ती मागून नेली होती शेजारी जेकबनं, बांधाच्या भांडणापायी. मग उस्माननं दोन्ही हातांनी हॉर्न दाबला आणि अख्खी बस ओरडायला लागली. गेटवरचा शिपाई धावत आला. प्रबोध हरला होता, आणि लॉटरी लागल्यासारखा हसत होता.

संध्याकाळी त्यानं घरात पाऊल टाकलं ते बोलतच. उस्मानचा आरसा, सेल्वमची शिट्टी, सगळं. नंदा पोळ्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला.

"अहो, तुम्ही? बसमध्ये? उभे राहून?"

"उभा राहून! खुर्चीत बस, नीट सांगतो."

त्या रात्री पोळ्या गारच खाव्या लागल्या. शनिवारी नंदा स्वतः त्याला लायब्ररीत घेऊन गेली. प्रबोधनं आपल्या नावाचं कार्ड काढलं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.