फाट्यावर धाडलेला माणूस

जव्हारजवळच्या शाळेत मी नवा मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. आजवर कोणाला सांगितली नाही.

सकाळी फाट्यावर एक म्हातारी डोळे मिटून उभी होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस. "येशूबापा, वाट दावनारा मानूस धाड," म्हणून तिने डोळे उघडले, तर समोर मी, हातात हजेरीपत्रक.

"गुरुजी, साखरशेतचा रस्ता कंचा? लेक तिथं दिलीय, बाळंतपन आलंय. मी कदी गेली नाय."

मला रस्ता ठाऊक नव्हता, पण मास्तराने तसं कसं म्हणायचं? मी डावीकडे बोट दाखवलं. माझ्या बोटालाच नमस्कार करून ती झपाझप निघाली.

शाळा सुटली, तेव्हा ती त्या चुकीच्या रस्त्याने जामसर गावापर्यंत पायपीट करून फाट्यावर परतली होती. रागावली नाही. पुन्हा डोळे मिटले, प्रार्थना केली, डोळे उघडले. पुन्हा मीच.

"आजी, मला माहीत नाही. सकाळीही नव्हतं."

"मंग सकाळीच सांगायचं ना, गुरुजी. त्यानं दुसरा मानूस धाडला असता."

तिच्या लेकीचं काय झालं, मला कधी कळलं नाही. विचारायला साखरशेतला गेलोही नाही. रस्ता मात्र आता पाठ आहे.