अक्काच्या श्वासाची जागा

परवा मेहरूणला लेकीकडे गेले होते. नात कॉम्प्युटरवर गाणं जुळवत बसलेली. तिने खर्जाचा एक सूर असा सोडला, की मांडणीवरची ताटं थरथरली, अन् मी एकदम दोंडाईच्याला, विहारासमोरच्या मंडपातच जाऊन पोचले बघा.

माझी थोरली बहीण, अक्का, तिथे गायची. मी कीबोर्डवर डाव्या हाताने खालचे सूर धरायची. शिकवलं कोणी नाही. अक्काच पायाने ठेका धरून सांगायची, "मना पाय जठे पडस, तठेच सूर टाक. बाकी गप ऱ्हाय."

एका जयंतीच्या दुपारी माझ्या सासरची माणसं पहिल्या रांगेत होती, मग मी कशाची गप राहते! दोन ओळींच्या मधे अक्का श्वास घ्यायची, ती जागाही मी सुरांनी भरून टाकू लागले. मागून सुरांचा रेटा आला की ती घाईने पुढची ओळ उचलायची. हसतच वळून म्हणाली, "अवं, वाजाडस का खडी फोडस? माले दम तर खाऊ दे!" मंडप हसला. मीही हसले, अन् आणखी भरत गेले.

तिसऱ्या कडव्यात अर्ध्या ओळीवर ती थांबली. छातीवर हात ठेवून खाली बसली.

अक्का कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची; तिथल्या रुईच्या धुळीने तिची छाती कधीचीच पोखरली होती, हे आम्हाला नंतर दवाखान्यात कळलं. अक्का पुन्हा गायली नाही. वर्षाच्या आत गेलीच.

अजूनही वाजवते मी. ती जागा आता रिकामी सोडते. तिथे अक्का श्वास घेते, अगदी स्पष्ट ऐकू येतो. मी हात उचलून थांबते. पुढची ओळ काही येत नाही.