ब्रेक तीनदा दाबायचा

मंडळी, आज नगरच्या गॅरेजात आमच्या जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग आणि डिस्क ब्रेक बसवले. मुलाची हौस, दुसरं काय!

चाचणीला मीच बसलो. गेटपाशी सवयीने ब्रेक धपाधप तीनदा दाबायला गेलो, तर गाडी पहिल्यालाच जागच्या जागी थांबली. रफिक मिस्त्री हसला, "काका, आता एकदाच दाबायचा."

मला हसू आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ही जीप जामखेडकडच्या दुष्काळी कामांवर मजुरांच्या खाण्याची सुकडी पोचवायची. ब्रेक तीनदा दाबल्याशिवाय लागायचा नाही. माझ्या पायाला ते अंगवळणी पडलं होतं, म्हणून मी दुरुस्तीही टाळत होतो. एके दिवशी मला ताप भरला आणि धाकटा भाऊ दत्तू गाडी घेऊन निघाला. दारातून त्यानं विचारलं, "दादा, गाडीचं काय सांगायचं हाय का?"

मी पांघरुणातूनच म्हणालो, "काय न्हाई. जा तू."

उतारावर बायका खडी फोडत बसल्या होत्या. त्यातली एक जागीच गेली.

"म्या ब्रेक दाबला हुता," दत्तू सांगत राहिला. कुणाला पटलं नाही, आणि मी गप्प बसलो. त्यानं पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

तुमच्या गाडीची एखादी खोड फक्त तुम्हालाच माहीत असेल. किल्ली देताना सांगता ना?

मी आज पहिल्यांदा सांगतोय. ऐकायला दत्तू राहिला नाही.