तीन रात्री कमी पडल्या

मी नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरी करतो. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणारी मशीन आमच्याकडे तयार होतात. ती विकली जातात तिथं जाऊन बसवून द्यायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम. बद्दी, अंकलेश्वर, हैदराबाद, गंगटोक. वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ मी हॉटेलात झोपतो. घरी आलो की पहिल्या सकाळी बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते आठवावं लागतं.

एकाच कंपनीच्या हॉटेलांत राहिलं तर पॉइंट जमतात आणि वर्षभरात ठरलेल्या रात्री भरल्या तर दर्जा वाढतो, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची. एका रविवारी चर्चहून आल्यावर तिनं माझ्या मोबाईलवर ते ॲप उघडलं आणि नियम वाचत बसली. शेवटपर्यंत वाचले. मला वाटतं ते नियम शेवटपर्यंत वाचणारी अख्ख्या नगर जिल्ह्यात ती एकटीच असेल.

"अहो, तुमचं ऑफिस एजंटकडून खोली घेतं ना? त्याचा एकही पॉइंट मिळत नाही. त्यांना सांगा, मी माझी मी घेतो, बिल देतो."

मी सांगितलं. ऑफिसला काही फरक पडत नव्हता. पुढच्या दोन वर्षांत मी सिल्व्हरचा गोल्ड आणि गोल्डचा प्लॅटिनम झालो. दुप्पट पॉइंटची योजना कधी सुरू होते, कधी संपते, हे तिला पाठ असायचं. खोली रोज झाडून नको म्हटलं तर थोडे पॉइंट मिळतात, म्हणून मी नको म्हणायचो आणि आठवडाभर त्याच चुरगळलेल्या चादरीवर झोपायचो. हॉटेलात शिरलं की काउंटरवर विचारतात, स्वागत म्हणून खाऊचं ताट हवं की पॉइंट. ती म्हणायची, "पॉइंटच म्हणा. चिवडा मी देते बरोबर." प्रत्येक दौऱ्याला बॅगेत चिवड्याचा डबा असायचा.

"तुम्ही फक्त झोपायचं काम करा, बाकीचं मी बघते," असं ती म्हणायची आणि हसायची.

त्या पॉइंटवर आम्ही एकदाच गेलो, गोव्याला. माझा दर्जा बघून त्यांनी न मागता मोठी खोली दिली. खोलीच्या बाथरूममध्ये टब होता. बायकोनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, केवढं पाणी लागेल याचा अंदाज घेतला आणि पाणी न भरताच, साडीसकट, पाठीशी उशी घेऊन त्यात बसली. तिथूनच तिनं तिच्या बहिणीला फोन केला. आम्हाला मूल नाही. तिघांची खोली घ्यावी लागत नाही, हाही एक फायदाच, असं ती त्या दिवशी म्हणाली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळल्यानंतर फार वेळ मिळाला नाही. माती झाली, स्मरणाची उपासना झाली, लोक आले, लोक गेले. साहेब म्हणाले, महिनाभर सुटी घ्या. मी म्हणालो, दौरा असेल तर द्या.

हॉटेलात कुणी काही विचारत नाही. "वेलकम बॅक, सर" म्हणतात आणि किल्लीचं कार्ड देतात. मी वर जायचो, बॅग ठेवायचो, डाळखिचडी मागवायचो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मशीन उघडायचो. मशीनचं मला सगळं समजत होतं. रडू येत नव्हतं, आणि येईल असंही वाटत नव्हतं. काउंटरवर खाऊचं विचारलं की मी "पॉइंट" म्हणायचो. बॅगेत चिवडा नव्हता, मागवलेली खिचडी तशीच राहायची, मग उपाशी झोपायचो. त्याचंही काही वाटायचं नाही.

डिसेंबरात दौरे कमी झाले. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात ॲपवर संदेश आला: पुढच्या वर्षी प्लॅटिनम राहण्यासाठी तुम्हाला आणखी तीन रात्रींची गरज आहे. तो दर्जा टिकवून मला काय करायचं होतं, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण तीन रात्री कमी आहेत, हे वाक्य मला कळलं. त्या दिवसांत फारशी वाक्यं कळत नव्हती.

पॉइंट खर्च करून घेतलेल्या रात्रीही मोजल्या जातात, हा नियम बायकोनंच शोधून ठेवला होता. त्या कंपनीचं सगळ्यांत जवळचं हॉटेल शिर्डीला होतं. वर्षअखेरीची गर्दी असूनही एक खोली दिसली. मी घेतली.

नाताळासाठी आई गावाहून, काष्टीहून, माझ्याकडे आली होती. वडील प्राथमिक शिक्षक होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई तिकडं एकटी राहते, थोडी जमीन बघते, रविवारी चर्चला जाते. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की आपण उद्या तीन रात्रींसाठी शिर्डीला जातोय.

"शिर्डीला? आपन?"

"हॉटेलात राहायला."

"कोन हाय तिथं?"

"कुणी नाही. तीन रात्री भरायच्यात."

"भरायच्यात म्हंजी?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर काही सांगत असला की ती जशी ऐकते तसं तिनं ऐकलं.

"आन न्हाई गेलं तर?"

"मग प्लॅटिनमचा गोल्ड होतो."

"गोल्ड म्हंजी सोनंच की. त्ये काय वाईट हाय?"

मी मोबाईल खिशात ठेवला. ती उठली आणि पिशवी भरायला लागली.

मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. राहुरी ओलांडायलाच खूप वेळ गेला. आई खिडकीतून बघत होती. मध्येच म्हणाली, "बाबाच्या दर्शनाला जायाचं न्हाई, आन शिर्डीत ऱ्हायाचं. लोक काय म्हनत्याल?" मी म्हणालो, तिथं आपल्याला ओळखतंय कोण. ती म्हणाली, "त्ये बी खरंच."

आई अजून गाडीतच होती. काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. ॲप बघून म्हणाली, "सर, तुम्ही प्लॅटिनम आहात, तुम्हाला वरची मोठी खोली दिली आहे. आणि आमच्याकडून एक छोटंसं सरप्राइज आहे." खाऊचं ताट की पॉइंट, हेही तिनं विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं.

दार उघडलं तर पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस केलेले होते, चोचीला चोच लावून. त्यांच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. टेबलावर केक. केकवर इंग्रजीत लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली माझं नाव आणि बायकोचं नाव.

आई दारातच थांबली.

"ह्ये काय हाय?"

"हॉटेलवाले करतात."

"समद्यांला?"

"कार्ड असतं त्यांना."

तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं केककडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं. आमचं लग्न नाताळाच्याच आठवड्यात झालं होतं. चर्चमधला कागदी तारा तेव्हा काढलेला नव्हता आणि लग्नाच्या फोटोंत तो आमच्या डोक्यावर आहे.

"आज तुमचं लगीन हुतं," आई म्हणाली.

"हो."

मी ती तारीख विसरलो होतो असं नाही. बुकिंग करताना ती मीच टाकली होती. पण ही तारीख आणि ती तारीख एकच, हे डोक्यात जुळलंच नव्हतं. ॲपवरची माझी सगळी माहिती बायकोनं भरलेली होती. मऊ उशी, वरचा मजला, तिचं नाव, लग्नाचा वाढदिवस. तो भरला की वर्षातून एकदा काहीतरी फुकट मिळतं, असं तिनं कुठंतरी वाचलं असणार.

मी खुर्चीवर बसलो. काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. एसीचा आवाज येत होता, तो जरा जास्त होता, फिल्टर साफ करायला झाला होता.

आईनं पिशवी खाली ठेवली. पाकळ्या एकेक करून गोळा केल्या आणि बशीत ठेवल्या. मग एक राजहंस उचलून झटकला. त्याचा टॉवेल झाला. दुसराही झटकला. दोन्ही टॉवेल घडी घालून तिनं बाथरूममध्ये नेऊन ठेवले. परत आली, केकसमोर उभी राहिली.

"ह्यो टाकून देत्यात का मग?"

"टाकून देत असतील."

"मग खाऊ." तिनं सुरी घेतली, नावं होती तिथूनच आडवा काप घेतला आणि बशी माझ्या हातात दिली. स्वतःसाठीही घेतला. खायच्या आधी म्हणाली, "थांब, प्रार्थना करू."

मी डोळे मिटले. ती नेहमीच्या आवाजात, जेवणाआधी करते तशीच बोलली. "आकाशातल्या बापा, ह्या खान्याबद्दल तुजे आभार. आमची सून तुज्याजवळ हाय, तिला संबाळ. तिनं ह्याचं लई केलं. आन ह्याला भूक लागू दे. आमेन."

मी आमेन म्हणालो. केक अननसाचा होता. मी अख्खा तुकडा खाल्ला, मग आणखी एक खाल्ला. भूक लागली होती की समोर होता म्हणून खाल्ला, ते कळलं नाही. आई माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला जाताना मी काउंटरवर थांबलो. कालचीच मुलगी होती. तिनं हसून विचारलं, "सर, सरप्राइज आवडलं का मॅडमना?"

"माझी पत्नी वारली," मी म्हणालो. "या वर्षी. ते ॲपमधून काढता येईल का?"

तिचं हसू तसंच राहिलं, ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. मग ती एकदम लाल झाली. सॉरी म्हणाली, पुन्हा म्हणाली, आत जाऊन मॅनेजरला घेऊन आली. तेही सॉरी म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाले, "सर, ती नोंद काढली. आणि झालेल्या त्रासाबद्दल आम्ही तुमच्या खात्यात बोनस पॉइंट जमा करतोय."

"चालेल," मी म्हणालो.

आई जरा लांब उभी होती. टेबलाकडे जाताना तिनं विचारलं, "काय म्हनाला त्यो?"

"पॉइंट दिले."

"कशाचे?"

"त्यांच्याकडून चूक झाली त्याचे."

"त्यांची कसली चूक?" ती म्हणाली. "बिचाऱ्यांनी केक दिला." मग तिनं बशी घेतली आणि इडलीच्या भांड्यापाशी जाऊन उभी राहिली. झाकण कसं उघडायचं हे तिनं पुढच्या बाईकडे बघून शिकून घेतलं.

उरलेले दोन दिवस आम्ही फार काही केलं नाही. मी खोलीत पडून राहायचो. आई खाली हिरवळीवर जाऊन बसायची. आंध्रातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईशी तिची ओळख झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी आईनं मला येऊन सांगितलं की त्या बाईचा मुलगा गेलेला आहे. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "कळतंय." एका दुपारी आम्ही राहात्यापर्यंत गेलो आणि रस्त्यावरच्या गाड्यावरून पेरू घेतले. आईनं पेरू फोडून अर्धा माझ्या हातात दिला. तो गोड होता. हे मला तेव्हाच कळलं, नंतर आठवून नाही, म्हणून सांगतो.

जानेवारीत मेल आला. पुढचं वर्षभर मी प्लॅटिनम होतो. अभिनंदन केलेलं होतं. मी तो वाचला आणि दौऱ्याची बॅग भरली.

मार्चमध्ये आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुजे ते पॉइंट हायत का अजून?"

"आहेत. खूप आहेत."

"आमच्या चर्चच्या दोघीजनी हायत. एकीचा मालक औंदा गेला, दुसरीचा मागंच. त्यांला मी त्या हॉटेलाचं सांगितलं, पोहायच्या हौदाचं, सकाळच्या खान्याचं. त्या म्हनत्यात, आमाला बी बगायचंय."

"मी खोली घेऊन देतो."

"नावावर तुज्या ना? मग तुला यावं लागंल."

"हो, नियम आहे तसा."

"मग ये."

मी दोन खोल्या घेतल्या, एक त्या तिघींसाठी, एक माझ्यासाठी. काष्टीहून त्यांना गाडीत घेतलं. तिघी मागं दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि पुढची सीट रिकामी असूनही कुणी पुढं येईना. दौंडचा पूल आला. मी चुकीच्या रस्त्याला लागलोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. शिर्डी उलट्या दिशेला. मी गाडी वळवली. मागून एक जण आईला म्हणाली, "तुमचा ल्योक रोज हवाईजाज धरतो म्हनं," आणि तिघी हसायला लागल्या. त्यांचं हसू श्रीगोंद्यापर्यंत थांबलं नाही.

हॉटेलात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. काउंटरवर दुसरा मुलगा होता. त्यानं खाऊ की पॉइंट विचारलं. मी मागं पाहिलं. तिघी काचेच्या पलीकडचा हौद बघत उभ्या होत्या, तिघींचे पदर डोक्यावर होते.

"खाऊ," मी म्हणालो. "तीन ताटं मिळतील का?"

तो म्हणाला, एका कार्डावर एकच. मी म्हणालो, एक द्या.

ताट त्यांच्या खोलीत गेलं. मी माझ्या खोलीत जाऊन पडलो. भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत होता, मधूनच नळाचा. काय बोलतायत ते कळत नव्हतं. ते ऐकता ऐकता मला झोप लागली.