वरून टाकलेला पाव

अमेरिकेत, एडिसन गावच्या शाळेत सातवीला इतिहास शिकवणाऱ्या आमच्या सरांना मध्ययुगीन युरोपचं भारी वेड. वर्षातून एकदा ते कॅफेटेरियात सरंजामी मेजवानी भरवायचे. टोपीतून चिठ्ठ्या काढून कोण जमीनदार, कोण सरदार, कोण पाद्री ते ठरायचं. उरलेले सगळे भूदास, म्हणजे जमिनीबरोबर मालकाची झालेली माणसं. मला भूदासाची चिठ्ठी आली.

घरी सांगितल्यावर आईला ते पटेचना. तिचं माहेर वतनदारांचं. मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला बाबा ही माहिती पुरवायचे आणि आई "पुरे हो" म्हणत शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. "टीचरची काहीतरी मिस्टेक असेल," ती म्हणाली. "आपल्याकडे कुळं होती. आपण कुळं नव्हतो." शिवाय पोशाख करून शाळेत जायचं म्हणजे चारचौघांत उठून दिसायचं, एवढंच तिला शाळेच्या स्नेहसंमेलनांवरून ठाऊक होतं. मी नको नको म्हणत असताना तिनं लग्नातला शालू कापला आणि त्याचा जरीकाठाचा पायघोळ झगा शिवला. तो मला वेड लागल्यासारखा आवडला, हेही सांगून टाकते.

मेजवानीला वाढायला मदत म्हणून काही मुलांच्या आया आल्या होत्या. त्यांत आई, साडी नेसून. सरांनी झग्याचं तोंडभर कौतुक केलं आणि हसत हसत वर्गाला विचारलं, भूदासाला रेशीम चालतं का? वर्ग एका सुरात नाही म्हणाला. त्या काळी तसे कायदेच होते म्हणे. मला अंगात घालायला बटाट्याचं रिकामं पोतं मिळालं. झगा गेला जमीनदारीण झालेल्या मुलीला. ती माझ्या शेजारी बसायची आणि वाढदिवसाला मी सोडून सगळ्यांना बोलवायची. तिला तो माझ्यापेक्षा छान बसला. पाठीची हुकं आईनंच लावून दिली.

भूदासांनी भिंतीशी उभं राहायचं होतं. टेबलावर ताटांऐवजी शिळ्या पावाच्या जाड चकत्या आणि त्यांवर स्ट्यू. पूर्वीचे उमराव असेच जेवत, आणि रश्श्यानं भिजलेला तो पाव नंतर दाराशी आलेल्या गरिबांना नाहीतर कुत्र्यांना जाई. म्हणजे उष्टं. आमच्या घरी चव बघितलेला चमचा परत पातेल्यात जात नसे. आणि रस्सा कशाचा होता, हे विचारायची तर सोयच नव्हती.

इतरांनी आपापले पाव मित्रांना फेकून मारले, त्यांनी उलट फेकले, हसाहशी झाली. जमीनदार झालेला मुलगा मात्र खेळ मनावर घेणारा होता. तो आपला पाव दोन बोटांत धरून माझ्यासमोर आला.

"हँड्स," तो म्हणाला.

मी ओंजळ केली. माझ्या हाताला आपला हात लागणार नाही इतका वर धरून त्यानं पाव सोडला. तो पचकन पडला.

"ईट."

सगळे बघायला लागले. पाण्याचा जग घेऊन आई जवळच उभी होती. तिनं मला नुसती हाक मारावी, एवढंच हवं होतं मला. पण तिची नजर माझ्याकडे नव्हतीच. ती त्या मुलाच्या हाताकडे बघत होती. मग मी खाल्लं. पाव खारट होता, एका कडेला त्याच्या दातांची खूण होती, ती कडही खाल्ली. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, इतकी चांगली भूदास त्यांना आजवर मिळाली नव्हती.

गाडीत माझा बांध फुटला.

"व्हाय डिडन्ट यू से एनिथिंग?" मी ओरडले.

आई तेव्हा नुकतीच ड्रायव्हिंग शिकली होती. स्टिअरिंग घट्ट धरून ती समोर बघत राहिली. मागच्या सीटवर झगा पडला होता, काठावर रश्श्याचा डाग. सिग्नलला गाडी थांबल्यावर ती बोलली.

"आमच्या मागच्या दारी बायका यायच्या, उरलेलं न्यायला. लहानपणी मला वरून टाकायला जमायचंच नाही. हात लागायचा. मग आई ओरडायची, परत अंघोळ करायला लावायची." सिग्नल हिरवा झाला तरी तिनं गाडी काढली नाही. "या मुलाला तर कुणी शिकवलंही नसेल. तरी बघ, हात किती बरोबर धरला होता."

तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तो पाव अजून माझ्या पोटात होता.